त्याचं काही नाही आता

दोन भागांना जोडणारी ती पितळी बिजागरी फार बारीक होती, एखाद्या दागिन्याच्या डबीला असते तेवढी, आणि बोलता बोलता डॉक्टर ते प्लास्टिकचं फळासारखं काहीतरी उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. बाहेरून फिकट गुलाबी, आत जरा गडद, आणि मधून गेलेली एक पिवळसर वाट. त्याच्या मनात आलं, हे बनवणारा माणूस कुठंतरी असेल... दिवसभर अशाच बिजागऱ्या बसवत असेल, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, आज काय केलंत, तर काय सांगत असेल?

डॉक्टर त्याच्या मुलाच्या वयाचे होते आणि त्याला काका म्हणत होते. ही प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते, काका, तुमची आता चांगल्या लिंबाएवढी झालीय, आणि लघवीची वाट नेमकी तिच्या पोटातून जाते, म्हणून ती आवळली जाते. गोळ्यांचं काम संपलंय. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं की ऐकताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं असं त्याला वाटलं. काही वाटेना. शेजारच्या खुर्चीत बायको पर्स मांडीवर धरून बसली होती, पर्सच्या पट्ट्याला दोन वेढे देऊन, आणि मान हलवत होती; समजतंय, समजतंय, पुढं बोला, अशी.

पूर्वी दुर्बीण घालून आतून खरवडायचे, एवढा एकच उपाय होता, डॉक्टर म्हणाले, आता हलके उपायही आलेत. बारीक चिमट्यांसारखे दोरे असतात, ते वाढलेलं मांस दोन्ही बाजूंना ओढून धरतात, खिडकीचे पडदे बांधून ठेवतात तसे. पण त्याच्या ग्रंथीचा एक गोळा वर मूत्राशयात घुसलाय, त्यामुळं ते जमणार नाही. मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊन ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडायची एक पद्धत आहे, पण त्याच्या रक्तवाहिन्या बघता डॉक्टरांना तिची खात्री वाटत नव्हती. मग उरली वाफ. बारीक सुईतून पाण्याची गरम वाफ त्या मांसात सोडायची, काही क्षणांचंच काम. तेवढं मांस मरतं आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीरच ते जिरवून टाकतं. त्याच दिवशी घरी. काही दिवस नळी ठेवावी लागते, गुण सावकाश येतो, आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागणार नाही असं वचन देता येत नाही. खरवडणं हा जुना आणि खात्रीचा मार्ग. मुक्काम करावा लागेल, थोडं रक्त जाईल, पण एकदा झालं की बहुतेक निभावतं.

इथं डॉक्टरांनी ते प्लास्टिकचं फळ मिटलं आणि टेबलावर ठेवलं.

"एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काका. खरवडल्यावर संबंध ठेवता येतात, सुखही बहुतेकांना तसंच मिळतं. फक्त शेवटी बाहेर काही येत नाही. वीर्य उलटं आत मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीबरोबर निघून जातं. त्रास काही नाही, पण काहींच्या मनाला ते लागतं. वाफेत सहसा तसं होत नाही. म्हणून विचारतो... तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे का?"

"त्याचं काही नाही आता," बायको म्हणाली.

पाव संपलाय, येताना आणा, असं ती सांगते त्याच आवाजात. ना रागानं, ना लाजून. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "काका, तुम्ही सांगा." आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "हिनं सांगितलं तेच." हे म्हणताना माझं लक्ष त्यांच्या पेनाच्या टोपणाकडं होतं. ते चावलेलं होतं. डॉक्टर माणसं टोपण चावतात याची मला गंमत वाटली, किंवा वाटायला हवी होती.

डॉक्टर म्हणाले, घाई नको, घरी बोला. एकदा लघवी पूर्ण अडून झालीय तेव्हा फार लांबवूही नका. शुक्रवारची एक जागा रिकामी आहे, त्यानंतरची थेट पुढच्या महिन्यात. संध्याकाळी ओपीडी बंद व्हायच्या आत रिसेप्शनला फोन करा.

गाडी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत लावली होती. छतावर त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नावाची लाल-पांढरी पाटी, पुढं-मागं शिकाऊ असल्याची खूण, आणि डावीकडच्या सीटपुढं जादा ब्रेक आणि जादा क्लच. ही गाडी बायकोच्या अंगवळणी पडली होती. बसताना ती पाय आखडून घेई, त्या जादा पेडलना चुकूनही लागू नयेत म्हणून. आयुष्यभर तो लोकांना गाडी शिकवत आला, आणि ती एकदाही शिकली नाही. सुरुवातीला तो म्हणायचा, चल, रविवारी मोकळ्या मैदानावर. ती म्हणायची, गाडीत बसून तुमचं ओरडणं ऐकायला लोक पैसे देतात, मी फुकट कशाला ऐकू? मग दोघं हसायचे. हे केव्हाचं? मुलगा शाळेत होता तेव्हाचं असेल.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत असे. तिथं सोडायला तो निघाला. सिग्नलला ती म्हणाली, डॉक्टर चांगला वाटतो, नीट समजावतो. तो म्हणाला, हो. दुकानापाशी उतरताना तिनं विचारलं, मग फोन तुम्ही कराल ना? तो म्हणाला, करतो. ती गेली. काचेचं दार ढकलताना तिनं नेहमीसारखं खांद्यानं ढकललं, आणि तो तिच्या पाठीकडं पाहत राहिला... त्याचं काही नाही आता. वाक्य साधंच होतं. खोटंही नव्हतं. मग ते पुन्हा पुन्हा का उलटून येत होतं, आणि येऊनही कुठं रुतत का नव्हतं? दाढेत भूल दिलेली असताना आपण गालाला बोट लावून बघतो, गाल कळतो, बोट कळतं, पण दोघांची भेट होत नाही, तसं काहीतरी.

दुपारच्या धड्याला सावकाशबाई होत्या. शिकाऊंना तो मनातल्या मनात नावं देई. विमानवाला, आरसाबाई, माफ-करा-सर. सावकाशबाई पन्नाशी ओलांडलेल्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्या हातात गाडी अशी चाले की सायकलवाले मागं वळून बघत. त्यांच्या नवऱ्याची नजर गेल्या वर्षी गेली होती. गाडी दारात उभी. म्हणून त्या शिकत होत्या.

आजही स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या नवऱ्याबद्दलच बोलत होत्या. काल म्हणे त्यांनी नवऱ्याला शेजारी बसवून गाडी अंगणातल्या अंगणात मागंपुढं केली. त्यांना दिसत काही नाही, पण कान असे की गिअर नीट पडला नाही की लगेच कळतं. म्हणतात, तू चालव, मी शेजारी बसून शिव्या देईन, एवढ्या वर्षांचं उट्टं काढायचंय. मग बाई स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, रात्री माझा तळवा हातात घेऊन बोटं मोजतात, म्हणतात, हीच ना ती गाडी चालवणारी? असं म्हातारपणी काहीबाही सुचतं बघा. हे त्यांनी आरशात बघत, डावीकडं वळायचा इशारा देत, इतक्या सहज सांगितलं की तो फक्त म्हणाला, आता दुसऱ्या गिअरवर या.

चढावर थांबून गाडी पुन्हा काढायची, हा त्यांचा कच्चा भाग. पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या रस्त्याला तसा चढ होता. त्यानं सांगितलं ते वर्षानुवर्षं सांगत आलेलंच: क्लच हळूहळू सोडा, इंजिनाचा आवाज बदलतो, बॉनेट किंचित उचललं जातं, गाडी थरथरते, ती थरथर पायाला कळली की मगच हँडब्रेक सोडायचा. ती सांगता येत नाही, ती कळावी लागते. बाईंनी मान हलवली, क्लच सोडला, घाबरून पुन्हा दाबला, आणि हँडब्रेक मात्र सोडून दिला. गाडी मागं सरकू लागली. मागं एक टेम्पो होता.

त्याचा पाय जादा ब्रेकवरच होता. तिथंच असतो, जेवतानासुद्धा टेबलाखाली तो तसाच वाकडा राहतो असं बायको म्हणायची. आजवर कधी त्याला पायाला सांगावं लागलं नव्हतं, दाब म्हणून. आणि आज गाडी मागं जात होती, आरशात टेम्पोची काच मोठी होत होती, हॉर्न वाजत होता, आणि पाय नुसता टेकलेला होता. त्याला सगळं दिसत होतं. टेम्पोच्या काचेवरचं चिकटवलेलं फूलसुद्धा. गाडी मागं चाललीय, असा विचार त्याच्या मनात आला, पूर्ण वाक्यात, जणू कुणी दुसऱ्याच्या गाडीबद्दल सांगतंय. मग त्यानं पाय दाबला. टेम्पो हातभर अंतरावर होता.

"तुम्ही मुद्दाम जाऊ दिलीत ना, सर?" धाप ओसरल्यावर बाईंनी विचारलं. "मला कळावं म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "पुन्हा करा."

दुसऱ्यांदा त्यांनी बरोबर केलं आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या. त्याचे हात मांडीवर शांत पडले होते. कापायला हवे होते, पण कापत नव्हते. आज एक बाई, एक टेम्पोवाला, आणि आपणही... एवढ्यावरून वाचलो, आणि त्याचंही मला काही नाही? त्याला सकाळचंच वाक्य आठवलं, आणि ते फक्त त्या एका गोष्टीपुरतं नव्हतं की काय असं वाटून तो जरा वेळ रस्त्याकडं बघत राहिला.

धडा संपल्यावर तो पेट्रोल पंपावर थांबला. शहरातली अशी ठिकाणं त्याला पाठ होती. कुठल्या पंपावर मुतारीची किल्ली मागावी लागते, कुठल्या हॉटेलात चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आत पांढऱ्या फरशीपुढं तो उभा राहिला. शेजारी एक तरुण आला, शिट्टी वाजवत मोकळा झाला, गेला. दुसरा आला, गेला. तो उभाच. निकड एवढी की ओटीपोट ठणकत होतं, आणि धार सुरू होईना. जरा मन दुसरीकडं न्यावं लागतं, म्हणून तो समोरच्या फरशीवरच्या तड्याकडं बघत राहिला, आणि मन भलतीकडंच गेलं.

मुलाच्या खोलीत.

मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यावर ती खोली रिकामीच होती. त्या दिवसांत तो झोपेतून सारखा उठे. अंथरुणातून निघताना पलंग कुरकुरे, बायको कूस बदले, तो चाचपडत जाई, येई, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा. एकदा तिनं झोपेतच उसासा सोडला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं उशी उचलली आणि म्हणाला, काही दिवस तिकडं झोपतो, तुझी उगाच झोपमोड. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. भांडण नाही, रुसवा नाही. काही दिवस गेले, मग त्याचा चष्मा तिकडं गेला, मग गोळ्यांचा डबा, मग रेडिओ. जवळ येणं त्याआधीच विरळ झालं होतं. शेवटचं केव्हा... त्याला आठवेना. शेवटचं म्हणून काही झालंच नव्हतं. त्या वेळी कुणाला माहीत होतं, की हे शेवटचं? माहीत असतं तर निदान नीट बघून ठेवलं असतं. दिवा लावलेला होता की नव्हता, तेही सांगता येत नाही.

आणि लघवी अडली तो दिवस. दुपारभर धडे देत रोखून धरलं, आणि घरी आलो तर थेंब नाही. पोट दगड झालेलं. बायकोनं टॅक्सी बोलावली. मागच्या सीटवर मी वाकडा पडलो होतो आणि ती ड्रायव्हरला सांगत होती, खड्डा बघा, हळू, आता तिसऱ्यावर घ्या. अगदी माझ्या आवाजात. वेदनेतही मला हसू येत होतं. तिचा तळहात सबंध वाटभर माझ्या पोटावर होता. दाबून नाही, नुसता ठेवलेला. नळी घातल्यावर मोकळा झालो तेव्हा मी रडलो, आणि नर्स म्हणाली, सगळेच रडतात. पण ते सुटकेचं रडणं होतं की त्या हाताचं... हात तर तेव्हा बाजूला झालाच होता.

धार आली. बारीक, थांबत थांबत. तो बराच वेळ तिथं होता.

संध्याकाळी तो बायकोला घ्यायला गेला तेव्हा ती अजून आत होती. बाहेर गाडीत बसून तो काचेतून पाहत राहिला. एक म्हातारे गृहस्थ तपासणीचा जड चौकटीचा चष्मा लावून बसले होते आणि ती भिंग बदलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्याला ते पाठ होते: आता बरं, की मघाशी होतं ते? गृहस्थ गोंधळले होते. तिनं पुन्हा भिंग फिरवलं, पुन्हा विचारलं असावं. आणि ती थांबली. हात भिंगावर, मान जराशी कललेली, कसलीच घाई नाही. त्यांनी सांगेपर्यंत ती थांबून राहिली. तो पाहत होता, आणि त्याच्या आत, खूप खोल, काहीतरी अगदी हलकेच दुखलं. माझ्यासाठी ही थांबली नाही.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, पाणी उकळायला ठेवलं आणि विचारलं, फोन केला का. तो म्हणाला, नाही अजून. आता बंद होईल त्यांचं, ती म्हणाली. मग ओट्याकडं तोंड करूनच विचारलं, काय सांगणार आहात.

"तू सांगितलंस तेच. खरवडायचं."

"मी कुठं तसं सांगितलं?"

"त्याचं काही नाही आता, म्हणालीस."

पाण्याला आधण यायला लागलं होतं. तिनं गॅस बारीक केला, भांड्यावर झाकण ठेवलं, उगाचच पुन्हा काढलं.

"तुम्ही त्या टेबलाकडं बघत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, परक्या माणसासमोर तुम्हाला लाज वाटतेय. तोंडातून शब्द निघायचा नाही तुमच्या. म्हणून म्हटलं, संपवून टाकावं पटकन."

"बरं केलंस."

"आणि खोटं काय होतं त्यात?" आता ती वळली. डोळे तपासून थकल्यावर तिचे स्वतःचे डोळे लाल होतात, तसे झाले होते. "उशी घेऊन तुम्ही गेलात त्या खोलीत."

"तुझी झोप मोडायची गं."

"मोडते म्हणून मी कधी म्हटलं होतं?"

तो आठवायला लागला. खरंच आठवायला लागला, जणू कुठल्याशा कोर्टात साक्ष द्यायची होती. उसासा... तो उसासा झोपेतला होता. ती काही म्हणाली नव्हती. तिनं घड्या घातल्या होत्या, म्हणाली होती, तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आणि त्यात त्यानं तिचं उत्तर ऐकलं होतं. तिनंही त्याच्यात काहीतरी ऐकलं असणार, उशी काखेत धरून दारात उभा असलेल्या माणसात. काय ऐकलं असेल? एवढी वर्षं हे घर सुरळीत चाललं ते दोघांनी एकमेकांच्या वतीनं उत्तरं दिली म्हणूनच की काय?

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"तुम्हाला वाटलं," ती म्हणाली, "आणि मला वाटलं." ती हसल्यासारखं करून पुन्हा ओट्याकडं वळली. "फोन करा. बंद होईल."

बाहेरच्या खोलीत येऊन त्यानं फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, शुक्रवारची जागा धरू ना, आणि वाफ की दुर्बीण. तो म्हणाला, शुक्रवार धरा. आणि उपचार? ती म्हणाली, म्हणजे तशी तयारी ठेवता येईल. स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला होता. ती ऐकत असावी, किंवा नसेलही.

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला. "घरी विचारतो."

सकाळपर्यंत कळवा मग, मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

तो फोन हातात धरून सोफ्याच्या काठावर बसला. घरी विचारतो. हे आपणच म्हणालो. आता उठायचं, चार पावलं चालायचं, आणि त्या दारात उभं राहून... काय विचारायचं? प्रश्न कसा असतो अशा गोष्टीचा, कुठल्या शब्दापासून सुरू होतो? तिनं नाही म्हटलं तर काहीच अवघड नव्हतं. नाही म्हणजे आहे तसंच, शुक्रवार, दुर्बीण, मुक्काम, आणि मुलाची खोली. त्याची त्याला सवय होती. पण विचारल्यावर ती थांबली, मान कलती करून, कसलीही घाई न करता, आणि मग हो म्हणाली तर? या वयाला, या शरीरानं, एवढ्या काळानंतर तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मी उभा राहिलो, तर मला आत जायला जमेल?

छातीत काहीतरी जोरात चाललं होतं. तळहात ओले झाले होते. तो त्यांच्याकडं बघत राहिला, जरासा चकित होऊन... दुपारी टेम्पोपुढं जे आलं नव्हतं, डॉक्टरांपुढं आलं नव्हतं, ते आता, आपल्याच घरात, आपल्याच सोफ्यावर आलं होतं. त्याला भीती वाटत होती. चांगली, सबंध, अंगभर भीती.

आतून तिनं हाक मारली, चहा तिकडं आणू की इकडं येताय?

त्यानं फोन बाजूला ठेवला आणि ओले तळहात पँटला पुसले.